वॉटर स्कीइंग बघायचं तर आधी दोरी मोजा

स्लॅलमची, म्हणजे बोटीमागे दोरी धरून तरंगत्या गोळ्यांना वळसे घालत जायची स्पर्धा मोबाइलवर बघून 'हा गडी नुसतं पाणी उडवतोय' असं वाटत असेल, तर सरळ शाळेच्या मैदानावर जा. सोलापुरात संभाजी तलावाच्या काठावर उभं राहून हा खेळ कळायचा नाही. मी खो-खो शिकवणारा माणूस, मला सगळं फक्कीनंच कळतं.

फक्कीची लांब रेघ मारा. ही बोटीची वाट. बोट सरळच जाते, वळतो तो स्कीवाला. रेघेपासून काटकोनात 11.5 मीटरवर वीट ठेवा, हा झाला बोया, म्हणजे पाण्यावरचा तरंगता गोळा. खऱ्या कोर्सवर असे सहा असतात, एक इकडे, एक तिकडे. आता रेघेवर एका पोराला दोरी धरून बसवा आणि दुसऱ्याला टोक देऊन विटेकडे पाठवा. 18.25 मीटरच्या दोरीनं तो आरामात वळसा घालतो. एकेक फेरी पूर्ण झाली की दोरी आखूड होत जाते: 16, 14.25, 13, 12. मग 11.25. इथं पोरगं ओरडतंच, "सर, पुरंना की!"

पुरतच नाही! उरलेलं अंतर खेळाडू हात ताणून, पाण्यावर जवळजवळ आडवा होऊन भरून काढतो. तेही बोट ताशी 58 किलोमीटरनं पळत असताना (महिलांसाठी 55). 259 मीटरचा कोर्स जेमतेम 16 सेकंदांत संपतो.

आता नजर कुठे ठेवायची? सगळे बोयाजवळच्या फवाऱ्याकडे बघतात. तुम्ही बोटीमागच्या लाटा ओलांडतानाची दोरी बघा. ताठ असेल तर गडी वेळेत आहे. वळणावर दोरी सैल पडली की पुढे झटका बसणार, आणि पुढचा बोया उशिरा येणार. उस्ताद खेळाडू बोया येण्याआधीच बाहेर पोचून वळायला लागतो, म्हणून त्याला घाई दिसत नाही. फवाऱ्याची भिंत उडाली की माझे विद्यार्थी टाळ्या वाजवतात. मी मात्र गप्प बसतो.

स्लॅलमखेरीज उडी आणि ट्रिक्स (कसरती) हेही वॉटर स्कीइंगचेच प्रकार. उडीत लांबी मोजतात, ते कुणालाही कळतं. ट्रिक्समध्ये 20 सेकंदांच्या दोन फेऱ्या. गिरक्या मोजता मोजता मी थकतो, खरं सांगतो.

स्लॅलमचा निकाल वाचताना आधी दोरी बघा, मग बोये. अमेरिकेच्या नेट स्मिथनं 2013 मध्ये 9.75 मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेतले होते. बारा मीटरवरच्या पूर्ण सहांपेक्षा हे अडीच कितीतरी भारी. पटत नसेल तर 9.75 मीटरची दोरी कापा आणि पोराला परत विटेकडे पाठवा.