पहाटे ‘सा’ खरखरत होता, तो असा सुटला

पहाटे तानपुरा लावला की ‘सा’ खरखरीत, घशात चिकटा, सारखं खाकरणं. सर्दी नाही. दुपारी आवाज आपोआप मोकळा.

ज्येष्ठमध, हळद-दूध, गुळण्या झाल्या. चार महिने वाया! (गिळलेलं स्वरतंतूंवरून जातच नाही, ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात.) डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं: रात्री पोटातलं आम्ल घशापर्यंत येतंय. पंचवटीतला क्लास सुटला की साडेदहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, त्याचा हा प्रताप.

आधी जेवण क्लासपूर्वी, साडेसहाला आणलं. झोपण्याआधी तीन तास फक्त पाणी. मग पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, सहा इंच. उशा रचू नका, पोट दुमडतं. शेवटी खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट. मिसळ फक्त रविवारी सकाळी, तर्री बेताची. सहाव्या आठवड्यात ‘सा’ स्वच्छ लागला.