बेल्ट दिला, तरी घालत नाहीत? साइटवरच्या या चुका टाळा

"गवंडी ऐकतच नाहीत हो!" विश्रामबाग असो की कुपवाड, सांगलीतल्या कुठल्याही साइटवर ठेकेदाराची ही तक्रार ठरलेली. हेल्मेट दिलं, दोरी-हुकाचा सेफ्टी बेल्ट दिला, तरी पोरं तशीच परांचीवर चढतात. म्हणजे कामगारच बेफिकीर.

मला हे पटत नाही. परांचीवरचा माणूस चांगला हिशेबी असतो. बेल्ट टाळला की दहा मिनिटं आत्ता वाचतात, आणि पडणं काही रोज घडत नाही. शंभर वेळा निभावलं की पुढच्या वेळी धोका डोळ्यांना दिसेनासा होतो. 1986 मध्ये चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, त्याचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी नेमकं हेच मांडलं: नियमाला जरा मुरड घातली, काही बिघडलं नाही, मग तीच रीत पडली. तिथे तर शिकलेसवरलेले इंजिनिअर होते. तेव्हा गवंड्याला व्याख्यान देण्याआधी आपल्या बाजूच्या चुका बघू.

बेल्ट आहे, अडकवायला जागा नाही

ही सगळ्यात मोठी चूक. तिसऱ्या मजल्याला बाहेरून गिलावा चाललाय. गवंड्याच्या अंगात बेल्ट आहे, हुक मात्र त्याच्याच कमरेच्या पट्ट्यात खोचलेला. का, ते कळायला वर बघा. अडकवणार कशाला? काथ्याने बांधलेल्या बांबूला? पडत्या माणसाचा झटका तो सोसत नाही. शिवाय दर दोन हातांवर हुक काढायचा-लावायचा तर घमेल्यातला माल आळतो.

कॉलमला पक्की बांधलेली तारेची लाइफलाइन डोक्याच्या वर ओढून द्या, म्हणजे हुक सोबत सरकतो. कॉलम ओलांडायचा असेल तर दोन हुकांचा बेल्ट घ्या, एक सोडताना दुसरा लागलेला राहतो. हुक पायाशी लावण्यात काही अर्थ नाही. बेल्टची दोरी दोन मीटरच्या आसपास असते, ती ताणेपर्यंत माणूस तीन मीटरहून जास्त खाली आलेला असतो. पहिल्या मजल्यावरून पडला तर तो थेट जमिनीवर.

उक्तं काम देऊन घाईबद्दल ओरडणं

स्क्वेअर फुटाच्या दराने काम दिलं की प्रत्येक मिनिट गवंड्याच्या खिशातून जातं. वर मुकादमाची उचल फेडायची असते. परांची आणि लाइफलाइन बांधायची हजेरी वेगळी द्या. ती दरात धरली की तिथेच काटछाट होते.

चुंबळ विसरून हेल्मेटची सक्ती

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूचं घमेलं. त्या बाईने हेल्मेट कुठे घालायचं? तरी सेफ्टीच्या रजिस्टरवर 'हेल्मेट नाही' असा शेरा तिच्याच नावापुढे पडतो. माल लिफ्टने चढवा, नाहीतर हातोहात साखळीने द्या. तेही जमत नसेल तर निदान वर काम चालू असताना तिची ये-जा त्याखालून ठेवू नका. तिच्यापुढे दुसरा मार्गच नसेल तर चूक तिची कशी?

एप्रिल-मेमध्ये सांगलीचं ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा पुरुषही हेल्मेट काढतात. आत सुती फडकं घालू द्या, पण हेल्मेट नीट बसतंय ना ते बघा. आणि नोंदणी झालेल्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून मिळालेला सुरक्षा संच बऱ्याचदा घरी ट्रंकेत, प्लास्टिकसकट असतो. कोरे बूट सिमेंटात कोण घालवणार? वापरून खराब करायला साइटची वेगळी जोडी ठेवा.

जुन्या मिस्त्रीला सूट

"मामांना काय सांगायचं, वीस वर्षं वर काढली त्यांनी." मामा उघड्या डोक्याने फिरले की नवा बिगारीही तसाच फिरतो, कारण हेल्मेट घालणं हे नवशिक्याचं लक्षण ठरतं. तोल गेला तर बांबू धरू, असा मामांचा विश्वास असतो. सहा मीटरवरून पडायला सव्वा सेकंदही लागत नाही, आणि खाली लागताना वेग ताशी जवळपास 39 किलोमीटर असतो. हे चारचौघांत सांगून मामांचा पाणउतारा करू नका. बाजूला घेऊन बोला, आणि रोज सकाळी इतरांचे बेल्ट तपासायचं काम त्यांच्याचकडे द्या. दुसऱ्याचे बेल्ट तपासणारा माणूस स्वतः बिनबेल्टचा चढायला कचरतो.

मान हलली म्हणजे कळलं, असं धरणं

जतकडची, विजयपूरकडची बरीच माणसं कानडी बोलतात. मराठीत सूचना दिल्या की ती "हो साहेब" म्हणतात. त्यांच्यातल्याच एकाला ती सूचना कानडीत परत सांगायला लावा.

थोडक्यात वाचलेल्याला झापणं

फळी सरकली, पण कुणी पडलं नाही. त्याने येऊन सांगितलं आणि तुम्ही "लक्ष कुठं होतं?" म्हणून हजेरी कापलीत, तर पुढची सरकलेली फळी तुमच्या कानावर येणार नाही. आधी विचारा, कुठली फळी, कुठल्या बाजूची. मग त्याला सोबत घेऊन, दुपारच्या जेवणाआधी, ती बांधून घ्या.