कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिताना या चुका टाळा

सी प्लस प्लसच्या लॅबमधली नेहमीची तक्रार: प्रोग्रॅम चालतो, उत्तर बरोबर छापतो आणि संपता संपता कोसळतो. स्क्रीनवर 'डबल फ्री डिटेक्टेड', म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडली. मग मुलं मेनची शेवटची ओळ तपासत बसतात आणि तिथे काहीच सापडत नाही.

गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीचा प्रोग्रॅम घ्या. 'फेरी' क्लासमध्ये गाड्यांची संख्या आहे आणि त्यांचे नंबर ठेवायला 'न्यू'ने घेतलेला अ‍ॅरे, म्हणजे त्याचा पत्ता धरणारा एक पॉइंटर. ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा डिस्ट्रक्टर तो अ‍ॅरे डिलीट करतो. आता सकाळच्या फेरीवरून दुपारची फेरी बनवली. अशी एका ऑब्जेक्टवरून त्याच क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतो तो कॉपी कन्स्ट्रक्टर. तो तुम्ही लिहिला नसेल तर कंपायलर स्वतःचा देतो. तो एकेक मेंबर जसाच्या तसा उचलतो, त्यामुळे पत्ता कॉपी होतो आणि अ‍ॅरे एकच राहतो. दुपारच्या यादीत पहिल्या जागी म्हापशाची जीए-03 गाडी टाकली की सकाळच्या यादीतही तीच. शेवटी दुपारची फेरी आधी नष्ट होते, अ‍ॅरे सोडते. सकाळची तोच अ‍ॅरे पुन्हा सोडायला जाते.

'पण मी कॉपी केलीच नाही!' असं म्हणणाऱ्यांनी फंक्शन बघावीत. 'यादीछाप'ला फेरी रेफरन्सशिवाय दिली असेल तर कॉपी तिथेच झाली, आणि फंक्शन संपताना तिने अ‍ॅरेही नेला. छापायलाच द्यायची तर कॉन्स्ट रेफरन्सने द्या. जागा सापडत नसेल तर मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर डीबग माहितीसह लावून कंपाइल करा. मेमरी कुठे घेतली, आधी कुठे सोडली, हे ओळीसकट सांगतो.

कॉपी कन्स्ट्रक्टरमध्ये नवा अ‍ॅरे घेऊन नंबर उतरवले की काम झालं असं वाटतं. अर्धंच झालं. आधीच तयार असलेल्या फेरीला बरोबरच्या चिन्हाने दुसरी फेरी दिली, तर असाइनमेंट ऑपरेटर चालतो. तोही लिहावा लागतो, नाहीतर तोच घोळ, वर जुना अ‍ॅरे गळतो, म्हणजे कोणी न सोडता पडून राहतो, तो वेगळा.

कॉपी कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरला रेफरन्स विसरलात तर काळजी नको, कंपायलरच अडवतो. कॉन्स्ट विसरलात तर कॉन्स्ट फेरीची कॉपी होणार नाही.

मला सर्वांत वाईट वाटते ती पुढची चूक, कारण तिच्यात काहीच कोसळत नाही. महिन्याभराने क्लासमध्ये 'भाडे' हा इंट मेंबर वाढवला, पण कॉपी कन्स्ट्रक्टरमध्ये घालायचा राहिला. कंपायलर उरलेले मेंबर आपणहून कॉपी करेल, ही समजूत चुकीची. कन्स्ट्रक्टर हातचा लिहिला की जबाबदारी पूर्ण तुमची. भाड्यात कचरा आकडा येतो, तोही कधी शून्य, कधी भलताच. बेस क्लासचंही तसंच: इनिशियलायझर लिस्टमध्ये त्याला मूळ ऑब्जेक्ट दिला नाही, तर त्याचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर चालतो आणि तो भाग कोराच राहतो.

म्हणून माझं मत: परीक्षेत मागितलाय म्हणून लिहा, प्रोजेक्टमध्ये शक्यतो लिहूच नका. पॉइंटरऐवजी स्ट्रिंगचा व्हेक्टर ठेवा. मग कंपायलरने दिलेला कॉपी कन्स्ट्रक्टर पुरतो आणि 'भाडे'ही आपोआप येतं. कॉपी होऊच नये असा क्लास असेल, तर सी प्लस प्लस 11पासून कॉपी कन्स्ट्रक्टरपुढे 'इक्वल टू डिलीट' लिहिता येतं.

व्हायवाला जाणाऱ्यांसाठी एक: 'कॉपी कन्स्ट्रक्टर किती वेळा चालेल?' याचं जुन्या नोट्समधलं उत्तर पाठ करू नका. फंक्शनने जागीच बनवून परत केलेल्या तात्पुरत्या ऑब्जेक्टची कॉपी सी प्लस प्लस 17पासून होतच नाही. कॉपी कन्स्ट्रक्टरच्या आत टाकलेला सीआउट छापला गेला नाही, तर तो बग समजू नका.