इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

'डे' आणि 'दिवस'. उच्चार जवळचा, अर्थ एकच, म्हणून मूळही एकच असं ठरवून टाकणं ही नेहमीची चूक. संस्कृत आणि इंग्रजी एकाच इंडो-युरोपीय घराण्यातल्या, पण त्या मायलेकी नव्हेत. मूळचा 'द' संस्कृतात टिकला, इंग्रजीत त्याचा 'ट' झाला: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. 'प'चा 'फ' झाला: पितृ–फादर. 'पाद–फूट'मध्ये तर दोन्ही बदल एकदम दिसतात. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये हे बदल नियमात बसवले. त्या हिशेबानं 'दिवस'चा इंग्रजी भाऊबंद 'ट'नं सुरू व्हायला हवा, आणि तो सापडतोही! 'ट्यूजडे'मधला 'ट्यूज' म्हणजे टिव् हा जुना देव. 'देव', 'दिवस' आणि 'टिव्' एकाच मुळाचे. त्याच्या मागे लागलेला 'डे' मात्र वेगळ्या मुळाचा.

म्हणून एक जोडी सापडली की थांबू नका. तसाच बदल दाखवणाऱ्या आणखी तीन-चार जोड्या मिळाल्या तरच नातं धरा.

उसन्या शब्दांना हा नियम लावू नका, तिथे वाटेतले मुक्काम तपासा. 'ऑरेंज' संस्कृत 'नारङ्ग'पासून फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'अ नॉरेंज'चं 'अ‍ॅन ऑरेंज' झालं, असं सर्रास सांगतात. ते चूक, कारण इंग्रजीत पोचण्याआधीच 'न' गळाला होता. 'एप्रन'चा 'न' मात्र खरोखर इंग्रजीतच गळाला. तो आधी 'नेप्रन' होता.

स्पेलिंगवरही विसंबू नका. 'मंगूस' हा आपला मुंगूसच. 'गूस' म्हणजे हंसाशी त्याचा संबंध नाही, म्हणून अनेकवचन 'मंगूसेस', 'मंगीस' नव्हे. 'आयलंड'मधला मुका 'एस' तर 'आइल' या वेगळ्या शब्दाच्या प्रभावानं मागाहून घुसवलेला.

'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे शाळेपासून ऐकलेलं विसरा. तो 'न्यू'चंच अनेकवचनी रूप आहे. आद्याक्षरांचे शब्द विसाव्या शतकाआधी जवळपास नाहीतच.

शोध ऐतिहासिक कोशातल्या सर्वात जुन्या नोंदीपासून सुरू करा. तिथलं साल पहिल्या लेखी पुराव्याचं असतं, जन्माचं नव्हे. रूपाआधी तारा (*) असेल, तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून उभं केलेलं आहे.