मुलांच्या हातून पहिली गोधडी

मुलांना शिवण शिकवायची म्हटली की बहुतेक घरांत रुमालापासून किंवा छोट्या पिशवीपासून सुरुवात होते. माझ्या मते ती गोधडीपासून व्हावी. रुमालाची कड बारीक दुमडून तिच्यावर टाके घालावे लागतात, पिशवी उलट बाजूने शिवून मग सुलटी करावी लागते, आणि या दोन्ही गोष्टी सहा-सात वर्षांच्या बोटांना जड जातात. गोधडीला एकच टाका पुरतो, तो म्हणजे धावदोरा, सुई खाली-वर करीत घातलेला साधा टाका, आणि तो थोडा वाकडा पडला तरी कापडाचे थर एकमेकांना धरून राहतात. शिवाय गोधडी पूर्वीपासून घरातल्या जुन्या कपड्यांचीच होत आली आहे, त्यामुळे आजोबांचे विरलेले धोतर, आईचे सुती पातळ, स्वतःचे आखूड झालेले झबले हे सगळे मुलाला हाताळता येते आणि कोणता तुकडा कोणाचा, हे त्याच्या पक्के लक्षात राहते.

पहिले काम बाहुलीच्या गोधडीचेच असावे. मोठ्या पांघरुणाचा हट्ट धरू नये, कारण ते महिनोन्‌महिने पुरे होत नाही आणि मुलाचा जीव त्यातून उडतो. कापड शंभर टक्के सुती घ्यावे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या साड्या दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात. नवे कापड वापरायचे असेल तर ते आधी धुऊन वाळवावे, म्हणजे आटायचे ते आटून घेते आणि रंग जाणारे कापड वेळीच कळते. पुठ्ठ्याचा १५ सेंटीमीटरचा चौकोन कापून तो मुलाच्या हाती द्यावा. तो कापडावर ठेवून पेन्सिलीने आखण्याचे काम मुलाने करावे आणि कापण्याचे मोठ्यांनी. चौकोन आखताना त्याची बाजू कापडाच्या विणीला समांतर आहे ना, हे मात्र पाहावे, कारण उरेब, म्हणजे विणीला तिरपा, कापलेला तुकडा ताणला जातो आणि शेवटी कोपरे जुळत नाहीत.

असे ९ चौकोन लागतात. ते जमिनीवर मांडण्याचा अधिकार पूर्णपणे मुलाचा. दोन लाल तुकडे शेजारी आले म्हणून आपण हात घालू नये. मांडणी ठरली की १ सेंटीमीटर शिवण धरून तीन-तीन तुकड्यांच्या पट्ट्या आणि मग त्या तीन पट्ट्या मोठ्यांनी एकमेकींना जोडाव्यात. यंत्रावर जोडल्या तरी हरकत नाही. जोडणीचे टाके बारीक आणि घट्ट लागतात, लहान मुलाच्या सैल टाक्यांत फट राहते आणि वापरात शिवण उसवते. आठ वर्षांच्या पुढचे मूल हे कामही शिकू शकते, परंतु पहिल्या गोधडीत ते त्याच्यावर टाकू नये. जोडून झालेला वरचा थर साधारण ४१ सेंटीमीटर चौरस भरतो. मधला थर म्हणून धोतराचा तेवढाच एक पदर ठेवावा, आणि खालचे कापड चारी बाजूंनी ३ सेंटीमीटर जास्त, म्हणजे ४७ सेंटीमीटर घ्यावे. मध्ये एकाहून अधिक पदर घातल्यास गोधडी उबदार होते खरी, पण मुलाच्या हाताने सुई आरपार जात नाही.

तिन्ही थर सपाट अंथरून, खालच्या कापडाची कड दोनदा दुमडून वर आणावी आणि नंतर काढून टाकायच्या कच्च्या टाक्यांनी टाचावी. मधल्या भागातही चार-चार बोटांच्या अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घालावेत. हे टाचण कंटाळवाणे आहे, तरी त्यात काटकसर करू नये; मुलाच्या ओढाताणीत कापडाला चुण्या पडू नयेत, याची सगळी भिस्त याच टाक्यांवर असते.

सुईबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मुलांच्या हाती बोथट सुईच द्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. सरावाच्या मॅटी कापडापुरता तो योग्य आहे, कारण त्याची वीण मोकळी असते आणि भोके डोळ्यांना दिसतात. चार-पाच वर्षांच्या मुलाने तेवढेच करावे. मात्र तीन थरांच्या सुती कापडातून बोथट सुई जात नाही, मूल जोर लावते आणि सुई निसटून दुसऱ्या हातात घुसते. म्हणून गोधडीसाठी मोठ्या नेढ्याची, टोक असलेली भरतकामाची सुई द्यावी आणि सबंध वेळ शेजारी बसावे. बसण्यापूर्वी सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात, आणि हातातली सुई जमिनीवर न ठेवता सुयांच्या छोट्या उशीतच खोचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. घरात रांगते मूल असेल तर बसलेली जागा झाडून घेतल्याशिवाय त्याला तिथे सोडू नये.

दोरा सुती, थोडा जाड आणि कापडाहून वेगळ्या रंगाचा असावा, म्हणजे आपला टाका मुलाला दिसतो. तो दुहेरी करून दोन्ही टोकांना मिळून गाठ मारावी. एकेरी दोरा दर चौथ्या टाक्याला नेढ्यातून निघतो आणि मूल रडकुंडीला येते. दुहेरी झाल्यावर त्याची लांबी मुलाच्या हाताएवढीच ठेवावी, त्याहून लांब दोऱ्याचा गुंता होतो. पाच-सहा सुया आधीच ओवून ठेवाव्यात.

माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी गोधडी आपल्या फ्रॉकला शिवून टाकली होती. तेव्हापासून मी मुलांच्या मांडीवर स्टीलचे ताट पालथे ठेवते आणि त्यावर कापड पसरते. सुईचे टोक खाली गेले की ताटावर टक्कन वाजते. तो आवाज आला की सुई आडवी करून टोक वर काढायचे, एवढीच खूण मुलाला पुरते. उंदीर बिळात शिरला, उंदीर बाहेर आला, असे पुटपुटत भाचीने त्या दिवशी सलग सोळा टाके घातले. मूल डावखुरे असेल तर शेजारी न बसता समोर बसावे, म्हणजे आपला उजवा हात त्याला आरशासारखा दिसतो.

कडेची पहिली फेरी मोठ्यांनी घालावी, म्हणजे दुमड पक्की होते. तिच्या आत दोन-दोन सेंटीमीटर अंतर ठेवून मुलाने फेऱ्या घालीत मध्यापर्यंत यावे. अंतरासाठी खडूने पुसट रेघा आखून द्याव्यात. हल्ली मध्यापासून कडेकडे जाण्याची पद्धतही शिकवली जाते, पण आपल्याकडच्या कितीतरी गोधड्या कडेपासून आत आलेल्या असतात, आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांची कवंदी ही गोधडीही अशीच शिवली जाते. मुलाला प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लहान होताना दिसते, आणि हुरूप टिकण्यासाठी याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. सगळ्या फेऱ्यांची लांबी सुमारे आठ मीटर भरते, म्हणजे जवळजवळ एका नऊवारीएवढी. रोज पंधरा-वीस मिनिटांहून अधिक बसवू नये; जांभई आली की सुई उशीत जावी.

मुलाचे टाके मूल झोपल्यावर उसवून नीट घालण्याचा मोह आवरावा. सकाळी ते त्याच्या बरोबर लक्षात येते, आणि मग ती गोधडी त्याची राहत नाही. बोटाच्या पेरापेक्षा लांब टाका मात्र राहू देऊ नये, कारण त्यात बोट अडकते. तोही मुलाला दाखवून, त्याच्याच हाताने मध्ये एक टाका घालून घ्यावा.

मध्यावर पोहोचल्यावर दोरा मागच्या बाजूला नेऊन एकाच जागी दोन टाके घ्यावेत, गाठ मारावी आणि टोक थरांच्या आत सरकवून कापावे. मग कच्चे टाके काढण्याचे काम मुलाला द्यावे. पहिली धुणी हाताने, थंड पाण्यात करावी आणि न पिळता सपाट वाळवावी. वाळल्यावर सुटलेल्या गाठी शोधायला मुलालाच बसवावे, आणि त्या वेळी ओवलेल्या दोन सुया हाताशी ठेवाव्यात.