ठासणीची बंदूक धुवायची कशी

बंदूक बार काढून खराब होत नाही, बार काढून घरी आल्यावर खराब होते. आमच्या यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्याकडच्या पट्ट्यात पीक-राखणीच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक काही घरी अजून आहे. बहुतेकांची एकच सवय: जागलीवरून आले की मशीनच्या तेलाचा बोळा फिरवला अन् खुंटीला टांगली. दोन पावसाळ्यांत नळी आतून खडबडीत होते, मग म्हणतात बंदूक जुनी झाली.

काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून जास्त भाग क्षार होऊन उरतो. थोडा धुरासोबत उडतो, बाकीचा नळीत बसतो. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, अन् ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. वरून तेल लावलं म्हणजे गंजाला झाकण घातलं. म्हणून आधी पाणी, मग तेल. बंदुकीला पाणी लावायचं म्हटलं की घरातले म्हातारे डोळे वटारतात, पण खरं ते हेच.

धुण्याआधी नळी रिकामी आहे याची खात्री. तोंडात डोकावून पाहायचं नाही, कधीच नाही. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या भोकाच्या बोंडावर, बसवलेली ठिणगीची टोपी काढून टाका, घोडा खाली घ्या, गज म्हणजे बार ठासायची लांब सळई आत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरा, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. टोक निपलच्या जवळपास पोहोचलं तर रिकामी. चार बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. रिकाम्या नळीची खूण गजावर कायमची कोरून ठेवा, अंधारात बोटांना लागते. भरलेल्या नळीची खूण वर वेगळी कोरली तर एकावर एक दोनदा भरायची भीतीही राहत नाही. दारू आत अडकलीच असेल तर निपलमधून आणि तोंडातून पाणी ओतून आधी ती चिंब करा, मगच काढायच्या मागं लागा.

आता धुणं. नळी लाकडी दस्त्यातून सुटी होत असेल तर पाचर काढून वेगळी करा. पितळी पट्ट्यांनी आवळलेली जुनी बंदूक असेल तर उगाच खोलू नका, दस्त्याला फडकं गुंडाळा. निपल सहज फिरली तर काढा. जाम असेल तर पाना घेऊन झुंजू नका, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडं न्या. आटे गेले तर पुढच्या बाराला निपल थेट डोळ्याकडं येते.

सुटी नळी असेल तर तिचं निपलकडचं टोक गरम पाण्याच्या बादलीत बुडवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. गजाच्या टोकाला सुती चिंधी घट्ट बांधा अन् वरखाली करा. गज वर ओढला की पाणी आत चढतं, खाली दाबला की काळं कुट्ट बाहेर फेकलं जातं. सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो गंधकाचा, घाबरायचं कारण नाही. काळं येणं थांबलं की स्वच्छ गरम पाणी, इतकं गरम की नळी हाताला चटका देईल. तापलेली नळी स्वतःच आतून वाळते. मग कोरड्या चिंध्या, चिंधी कोरडीच बाहेर येईपर्यंत. तेल सगळ्यात शेवटी, पातळ.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. तांबूस आली तर क्षार राहिलेत, पुन्हा पाणी. ही पायरी लोक हमखास गाळतात.

घोड्याच्या कमानीत पाणी घालायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसून तेलाचा थेंब पुरे. दस्त्याला आपलं जवसाचं तेल उत्तम: तळहातावर थोडं घेऊन ऊब येईपर्यंत चोळा, वाळू द्या, मग पुन्हा. नळीच्या आत मात्र जवस नको, तिथं ते चिकट होऊन बसतं. ठेवताना पोतं किंवा चामडी गवसणी नको, ओल धरते.

पुढच्या वेळी भरण्याआधी आतलं तेल कोरड्या चिंधीनं काढा. मग रिकाम्या नळीवर नुसती टोपी उडवा, नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं तर निपलचं भोक मोकळं आहे. भरताना दारू आधी मापात, मग नळीत, कारण डब्यातून थेट ओतली अन् आत निखारा असला तर डबाच हातात फुटतो. टोपी सगळ्यात शेवटी, नळी पिकाच्या दिशेला असताना. टोपी वाजली अन् बार नाही झाला तर तोंड तसंच धरून पुरता मिनिटभर थांबा. दारू फक्त काळी, परवान्यावर मिळणारी. काडतुसातली बिनधुराची भरली तर नळी फाटते. फटाक्यांची तर विचारूच नका.

तुरीच्या अन् कडब्याच्या गंजीकडं तोंड करून बार काढू नका, दारूवर ठासलेला बोळा धुमसत उडतो. बार हवेतच, जनावर पांगवायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्कर अन् रोही (नीलगाय) दोन्ही आहेत, त्यांना मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. पीक-राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा नव्हे.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं झाली, तारीख लिहून ठेवा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितलं तर त्याआधी नेहमीपेक्षा जाड तेल लावा, कारण तिथं कोणी पुसत बसत नाही. पावतीवर नळीवरचा नंबर नीट उतरवून घ्या, परत घेताना तोच नंबर ताडून पाहा, अन् घरी आणल्यावर गज आत सोडून अंगठ्याची खूण पुन्हा तपासा.