ऑनलाइन वर्गात मुलं गप्प का बसतात? या चुका टाळा

अतिवृष्टीचा इशारा आला की ठाणे-नवी मुंबईतल्या काही शाळा तास ऑनलाइन घेतात. खासगी क्लासेसच्या बॅचेस तर एरवीही स्क्रीनवर भरतात. सुरुवातीला ‘प्रेझेंट मॅडम’ची रांग लागते, मग तासभर शांतता. ‘मुलांना रसच नाही,’ असं आपण शिक्षक म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. तास संपताच तीच मुलं आपल्या ग्रुपवर भरभरून बोलतात. बहुतेक वेळा अडचण आपल्या प्रश्नात असते, आणि प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो त्यात.

एकच उत्तर असलेला प्रश्न चर्चेला ठेवणं ही पहिली चूक. ‘देशातली पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली?’ एकाने ‘१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे’ लिहिलं की बाकीच्यांच्या हाती उरतं फक्त ‘सेम’. त्याऐवजी विचारा: ‘१८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत गेले. ते ठाण्यालाच थांबले असते तर डोंबिवलीचं काय झालं असतं?’ आता कळव्याचा मुलगा आणि घोडबंदर रोडची मुलगी वेगवेगळं बोलतील. तसंच, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख मिळाली, ही झाली एका गुणाची माहिती. ‘नेरूळच्या तुमच्या सोसायटीला पार्किंग हवंय, पण शेजारच्या पाणथळ जागेत फ्लेमिंगो उतरतात. मीटिंगमध्ये तुम्ही काय म्हणाल, आणि का?’ इथून चर्चा सुरू होते. त्यातला ‘का’ विसरू नका, नाहीतर नुसते होकार-नकार येतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र घाईची. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि ज्यांना ‘कच्ची’ समजलं जाई ती मुलंही बोलू लागली. हे समोरासमोरच्या वर्गाचं झालं. ऑनलाइन तासाला मुलाला विचार करायचा असतो, अनम्यूट करायचं असतं, शिवाय नेटचा विलंब. म्हणून मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ‘आवाज येतोय ना?’ असं मध्येच विचारू नका, सुचत आलेलं निसटतं. आधी दोन मिनिटं वहीत लिहायला सांगितलंत तर आणखी बरं. लिहिलेलं वाचून दाखवायला धीर कमी लागतो.

उत्तर आल्यावर लगेच ‘व्हेरी गुड’ म्हणून पुढे गेलात, तरी चर्चा तिथेच थांबते. ‘हिचं म्हणणं कोणाला पटलं नाही?’ असं विचारून चेंडू मुलांकडेच ठेवा.

कॅमेऱ्याची सक्ती नको. एका खोलीत आजी झोपलेली, आई स्वयंपाक करतेय, धाकटा भाऊ मागून डोकावतोय, अशा घरातलं मूल कॅमेरा लावायला का कचरतं हे समजून घ्या. लाजरी मुलं लिहून छान बोलतात. झूममध्ये मुलांचा चॅट फक्त होस्टला, म्हणजे तास घेणाऱ्याला दिसेल अशी सोय आहे, ती वापरा. आलेलं उत्तर मुलाच्या संमतीने, नाव न घेता वाचून दाखवा.

ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन तासातल्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांत, मुलांना ‘जा, चर्चा करा’ म्हणून पाठवू नका. चौघांचा गट, पाच-सहा मिनिटं, आणि परत येताना एक ठरलेली गोष्ट: एक वाक्याचा निर्णय आणि त्याचं एक कारण. कोण बोलणार हेही आधीच ठरवा.

आता गुणांचं. ‘प्रत्येकाने तीन कमेंट टाकाव्यात’ म्हटलं की ‘अगदी बरोबर’, ‘सहमत’ यांचा ढीग पडतो. संख्या मोजूच नका. दुसऱ्याच्या मुद्द्यात भर घातली का, प्रश्न उभा केला का, हे बघा, आणि चांगल्या उत्तराचा एक नमुना आधी दाखवा. गूगल क्लासरूममध्ये ‘प्रश्न’ या प्रकारात मुलांना एकमेकांना उत्तर देण्याची मुभा दिली, तर स्वतःचं उत्तर पाठवल्यावरच इतरांची उत्तरं दिसतात. नकलेला तिथे आपोआप आळा बसतो.

एवढं करूनही एखादं मूल अनेक तास गप्प असेल तर सर्वांसमोर नाव पुकारू नका. तासानंतर फोन करा. कदाचित मोबाइल बाबांचा असेल आणि ते आठनंतर घरी येत असतील. अशा मुलाला रात्री व्हॉइस नोट पाठवायला सांगा आणि पुढच्या तासाची सुरुवात तिच्यातल्या मुद्द्याने करा.